एक नंबरची पिन

बसा हो, चहा येईस्तोवर मोताळ्याच्या फारुखभाऊचं सांगतो. ऐकाल तर उठणार नाही.

पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून करून माणूस पार थकलेला. त्या दुपारी पुष्पाबाई दुकानात आली, स्टुलावर बसली आणि पदराच्या गाठीतून नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपची हार्डडिस्क काढली. नवरा गुलाबराव लग्नाच्या शूटिंगा करायचा. सात महिने झाले, गेला.

"घरात फोटू नाही का त्याहिचा?" फारुखनं विचारलं.

"हाये ना, आधार कार्डावर. चोरावानी दिसते त्याच्यात. मले आवाज पाह्यजे. क्यामेऱ्यामांगून वरडत ना थे, 'सरका बे, नवरी दिसू द्या.' थो याच्यात हाये. दुसरा कुठीच नाही."

फारुखनं डिस्क घेतली अन् हात थांबला. या छोट्या डिस्कला चव्वेचाळीस पिना, सुईसारख्या. दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पट्टीसारख्या वायरीची लाल कड एक नंबरच्या पिनेवरच यायला पाहिजे. पण वायर उलटीही बसते, अडत नाही. करंटही तिच्यातूनच जातो. उलटी बसली की डिस्क भाजलीच.

आणि फारुखला लाल दिसतच नव्हतं. मोतीबिंदूनं सगळं राखेच्या रंगाचं झालं होतं. त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. डोळे गेलेल्या मिस्त्रीकडं कोण येतं?

वायर टेकवली. काढली. पुन्हा टेकवली.

"काऊन, खराब झाली का?"

"डिस्क चांगली हाये, ताई. मीच खराब झालो. लाल रंगच दिसत नाही मले." त्यानं वायर खाली ठेवली. "मांगच्या महिन्यात धामणगावच्या हर्षलची डिस्क म्या जाळली. वायर उलटी बसवली. त्याले सांगतलं, तुयी पहिलेच मेली होती बे. तुमी हे बुलढाण्याले न्या."

बाई काही उठली नाही. पदर सावरला अन् स्टूल पुढं ओढलं.

"तिथं मले कोण ओयखते? डोये माह्ये घ्या. काय पाहू, थे सांगा."

"एका टोकाले चार पिना अलग दिसतात का?"

"हाव. डाव्या अंगाले. मंग जराशी जागा."

"त्या जागेच्या पल्याडची पहिली पिन एक नंबर. आता वायरीची लाल कड?"

बाई वाकली. "उजवीकडं धरली तुमी. उलटी हाये, फारुखभाऊ. फिरवा."

त्यानं फिरवली, चाचपून बसवली. बटण दाबताना डोळे मिटले, जसा काही त्यांचा उपयोगच होता. डिस्क गुरगुरली. बाईनं पडद्यावर बोट ठेवून दाखवलेला व्हिडिओ त्यानं लावला. कुठल्यातरी मांडवातला गोंगाट आला, आणि त्यातून गुलाबराव: "सरका बे, नवरी दिसू द्या."

बाईनं नाक पुसलं. "पाहा. मेला तरी सरकाच म्हणते."

ती गेल्यावर फारुखनं फोन लावला. "हर्षल, बेटा, तुयी डिस्क म्याच जाळली." पलीकडचं बराच वेळ ऐकून घेतलं.

दुकान चालूच आहे त्याचं. मोताळ्याला गेलात तर दोन मिनिटं टेबलाजवळ वाकून उभे राहा, आणि लाल कड कोणत्या बाजूला आहे ते आपणहून सांगा. तो विचारायचा नाही.