रंभाची भिंत

"आमी नागपंचमीला भिंत सारवली, तर किती बोललास रं? औषध शेणाखाली गेलं, डासाला रान मोकळं झालं म्हनलास. मग तुझी भिंत कोरी कशी, चिमाजी?"

सोजराबाई दारातच उभी होती. शेजारची म्हातारी, तोंडाची फटकळ, पण बोलणं खोटं नव्हतं. चिमाजी सरकारी मलेरिया पथकात फवारणीला होता. थेरगावपासून दिघीपर्यंत घराघरांत शिरून डीडीटी मारायचा आणि बायकांना बजावायचा, "डास भितीवर टेकतो. तितंच मरू द्या त्याला. पावसाळा सरंस्तवर सारवू नगा." आणि ह्या शहाण्यानं स्वतःच्या घरातली दारासमोरची भिंत मात्र दोन पावसाळे सोडली होती. पथकातल्या गड्यांना "माझं घर मीच फवारतो" म्हणून वाटेला लावायचा.

त्या भिंतीवर रंभाच्या बोटांच्या कमानी होत्या. बायकोनं पाडव्याला सारवलेली ती भिंत. त्याच पावसाळ्यात हिवतापानं तिला नेलं आणि पुढच्या वर्षी पथक आलं. एक वर्ष आधी आलं असतं तर, ह्या विचारानं तो अजून जळायचा. सकाळचं ऊन दारातून आत शिरलं, की कमानी उठून दिसायच्या. तेवढ्या बघून तो कामावर निघायचा.

"तुजी शालन येतीय न्हवं बाळंतपनाला?" सोजराबाईचा आवाज उतरला. "पोटुशी पोर ह्या भितीखाली निजवनार? रंभा असती, तर तिनंच तुज्या हातात पंप दिला असता."

दुसऱ्या दिवशी चिमाजीनं पंप भरला. "रंभे, पोरीसाठी करतूय गं," म्हणाला आणि फवारा मारला. औषध वाळलं, तशा कमानी पांढऱ्या पुटाखाली गेल्या. त्या दिवशी तो जेवला नाही.

आठवड्यानं शालन आली. संध्याकाळी तो कामावरून परतला, तर पोर शेणमाती कालवून भिंतीपुढं बसलेली.

"काय ही भिंत आबा, पीठ सांडल्यागत. आईवानी सारवते."

तिनं हात उचलला. तसाच अंगठा दुमडलेला, तशीच बोटं पसरलेली. ह्याच हातासाठी चिमाजी दोन वर्षं आसुसला होता. सारवू द्यावं, एवढी एक भिंत सारवू द्यावी, असं त्याला फार वाटलं.

"थांब पोरी. भितीला न्हाई," तो म्हणाला. "भुई सारव."

शालनचं तोंड उतरलं, पण ती वळली. कोपऱ्यापासून मागं सरकत सरकत दारापर्यंत आली. तिच्या हाताखाली एकेक कमान उमटत गेली.

"वाळंस्तवर आत जाऊ नगा, आबा."

"न्हाई जात."

भुई वाळली. शालननं चूल पेटवायला म्हणून आत पाय टाकला, दोनदा हाकही मारली. चिमाजी पंप खांद्यावर तसाच घेऊन, भुईवरच्या कमानी बघत उंबऱ्याबाहेर उभा होता.