चौदा नंबरचं पान

निशिगंधा सावर्ड्याकडची. आई गेल्यावर वडील आणि भाऊ मुंबईतच राहिले, घराला कुलूप लागलं, आणि ती रत्नागिरीत कॉलेजजवळ खोली घेऊन राहू लागली. दुसरं वर्ष अर्धं सरलं तरी वर्गात तिची कुणाशी ओळख झाली नव्हती. एखाद्या रविवारी दूधवाल्याला म्हटलेलं 'अर्धा लिटर' एवढंच काय ते दिवसभराचं बोलणं.

मराठीच्या अनिल सरांनी त्या वर्षी एक नवं काढलं. दर शुक्रवारी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. वर नाव नाही, नुसता नंबर. मग सर जोड्या लावून पानांची अदलाबदल करणार, आणि वाचणाऱ्याने खाली लिहायचं, कुठे मन रमलं, कुठे आणखी ऐकावंसं वाटलं. "मार्क नाहीत," सर म्हणाले. "तुम्ही एकमेकांना वाचा, झालं."

निशिगंधाच्या वाट्याला चौदा नंबरचं पान आलं. वडिलांबरोबर पहिल्यांदा होडीत गेल्याचं त्यात लिहिलं होतं. जागोजागी 'पानी', 'आनि', 'कोन'. निशिगंधाचं शुद्धलेखन शाळेपासून चोख. तिने लाल पेनाने एकवीस गोल केले आणि खाली लिहिलं, 'शुद्धलेखन सुधारावे.'

तिचं स्वतःचं पान घरावर होतं. अंगण, विहीर, मागचा फणस. ते परत आलं तेव्हा खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, 'विहीर दिसली. फनसाचा वास आला. पन या घरात मानसं का नाहीत?'

तिला रागच आला. पान दप्तरात कोंबून ती खोलीवर आली. पण प्रश्न काही जाईना. आई गेल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं. गुरुवारी कॉलेजातून आल्या आल्या ती लिहायला बसली. महिन्यातून एकदा जाऊन कुलूप उघडते, केर काढते, परत येते. शेजारच्या जनीकाकू चहाला हाक मारतात, पण जात नाही, कारण बसले तर रडू येईल. हे सगळं पहिल्यांदाच कागदावर उतरलं.

शुक्रवारी पान तसंच परत आलं. पुढच्या शुक्रवारीही. चौदा नंबर वर्गात नव्हता.

"गुणवंती ती, जयगडची," सर म्हणाले. "आईचा हात मोडलाय, मासे विकायला तीच बसते. तुला दुसरी जोडी देतो."

निशिगंधाला तिचा चेहराही आठवेना.

रविवारी तिने जयगडची एसटी धरली. बंदरावर दोघातिघींना विचारल्यावर गुणवंती सापडली. पाटीसमोर बसून बांगडे साफ करत होती. शेजारी गळ्यात हात बांधलेली आई.

"तुझं पान माझ्याकडे होतं," निशिगंधा म्हणाली.

गुणवंतीने मान वर केली. "म्हनजे लाल पेनवाली तू."

"मी नीट वाचलं नव्हतं," निशिगंधा म्हणाली.

"आईला दाखवलं मी. तिला वाचता येत नाही. एवढं लाल बघून म्हनाली, कुनीतरी लक्ष देऊन वाचलंय गो."

आई हसली. निशिगंधाने पिशवी उघडली. मग तिने आपलं पान पुढे केलं. गुणवंतीने हात दाखवले, रक्ताने आणि खवल्यांनी भरलेले. "तूच वाच."

तिने वाचलं. मध्येच एक गिऱ्हाईक आलं, तेवढा वेळ थांबली, पुन्हा सुरू केलं. संपल्यावर गुणवंतीने साफ केलेला बांगडा पाटीत ठेवला.

"चहाला जा एकदा," ती म्हणाली. "रडू आलं तर आलं."

"तू कॉलेजला येशील ना परत?"

"हात जुळू दे आईचा. बघू." इतक्यात दोन बायका भाव विचारत उभ्या राहिल्या आणि गुणवंतीने बांगडा हातात घेतला. निशिगंधा थोडी रेंगाळली, मग स्टँडकडे निघाली.

पुढच्या शुक्रवारी तिचं तेच पान नव्या जोडीदाराकडे गेलं. परत आलं तेव्हा खाली एकच शब्द होता, 'छान.' निशिगंधाने तो वाचला, पान उलटूनही पाहिलं. पलीकडे काही नव्हतं. शनिवारी ती गावी गेली. केर काढून झाल्यावर कुंपणापलीकडून काकूंची हाक आली, तेव्हा ती हातातला झाडू तसाच धरून बराच वेळ दारात उभी राहिली, आणि मग पायात चपला घातल्या.