दाढेची न भरलेली जागा

बस्ता बांधायला बारामतीला आलेली दोन्हीकडची माणसं कापडाच्या दुकानात गादीवर बसली होती. नवरीची आई सारजा मात्र गालाला पदर लावून कोपऱ्यात होती. दोन महिन्यांपूर्वी इंदापुरात दाढ काढली, तिची जागा अजून भरली नव्हती. जिभेला तिथं खडबडीत काहीतरी लागायचं. तोंडाला वास यायचा, म्हणून ती बोलणंच टाळायची.

"विहीणबाई, असं किती सोसाल?" मुलाची आई छबूबाई उठलीच. "लुगडी काय पळून जात्यात व्हय? चला, वरच्या मजल्यावर दाताचा डाक्टर हाय."

सारजाला नको म्हणता आलं नाही.

डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. दाढेच्या खड्ड्यात पिवळट हाड उघडं पडलं होतं, शेजारची दाढही हलत होती. "ही काढावी लागेल," म्हणत त्यांनी सुई भरायला घेतली आणि थांबले. "या गालाला कधी लाईट घेतली होती का? गाठीसाठी, मशीनवर?"

छबूबाई खुर्चीमागंच उभी होती.

१९९४ साली, तीन वर्षांपूर्वी, सारजानं पुण्यात जिभेच्या कॅन्सरसाठी तेहतीस दिवस लाईट घेतली होती. गावात, कळंबात, सांगितलं होतं, भावजयीच्या बाळंतपणाला गेलीय. लेकीला, जयवंताला, स्थळं बघायची होती. त्या रोगाचं नाव घरातसुद्धा कुणी काढत नव्हतं. 'आम्हाला विचारल्याशिवाय दात काढायचा नाही,' असं पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण इंदापूरच्या दवाखान्यातला कंपाउंडर नेमका छबूबाईचा भाचा. त्याच्यासमोर सारजाच्या नवऱ्यानं, गेणबानं, "दाढ किडलीया" एवढंच सांगितलं.

"नीट आठवून सांगा, बाई," डॉक्टर म्हणाले. "लाईटीनं हाडातल्या रक्ताच्या बारीक नळ्या बंद पडतात. तिथला दात ओढला तर जखम भरत नाही. जबडासुद्धा मोडू शकतो."

"त्यांनी कशाला घेतलीया लाईट?" छबूबाई परस्पर म्हणाली. "धडधाकट बाई हाय. भरा तुमी सुई."

सारजानं डॉक्टरांचं मनगट धरलं. "घेतलीया. तेहतीस दिस. क्यान्सर हुता."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि चिठ्ठी लिहायला घेतली. "उद्याच पुण्याला जा. हाड किती मेलंय ते कळेपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

"त्यो रोग परत आलाय का?" सारजानं विचारलं.

"तसं दिसत नाही. पण तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

छबूबाईनं एवढंच विचारलं, "पोरीला म्हाईत हाय?"

"हाय. मीच शपथ घातली हुती तिला."

"म्हंजी तिनंबी..." छबूबाईनं पुढचं गिळलं. येताना हाताला धरून जिना चढवणारी ती बाई आता एकटीच उतरली.

खाली गेणबा शालू उलगडून बसला होता. "या, या! ह्यो रंग कसा हाय, विहीणबाई?"

छबूबाईनं शालूची नीट घडी घातली आणि दुकानदाराकडं सरकवली. "आज बस्ता न्हाय. आदी ह्यास्नी पुण्याला न्या. लग्नाचं आमी घरी बसून ठरवू."

गेणबानं बायकोकडं पाहिलं. सारजानं चिठ्ठी त्याच्यापुढं धरली.