आठ घरांचे छत

मित्रांनो, मी एक जुनी बादली आहे. माझी कड तडकलेली आहे आणि तळाला सिमेंटचा थर बसला आहे. जन्माने मात्र मी बादली नव्हे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी वीस लिटर पांढऱ्या रंगाचा डबा होते, आणि माझ्या आयुष्यातले पहिलेच काम लाज वाटावी असे झाले. ते आधी सांगून टाकते.

तळमजला आणि वर तीन मजले, दर मजल्यावर दोन घरे अशी एक इमारत होती. तिच्या सगळ्यात वरच्या एका घरात एका रंगाऱ्याने मला नेले. घरमालकाला घर विकायचे होते. आतल्या लहान खोलीच्या छतावर ओलीचे तपकिरी डाग पसरले होते. रंगारी घोडीवर उभा राहून म्हणाला, "साहेब, वरून गळतंय. गच्ची दुरुस्त केल्याशिवाय रंग टिकायचा नाही."

"टिकून करायचंय काय? गिऱ्हाईक येईपर्यंत राहिला की झालं," मालक म्हणाला.

रंगाऱ्याने रंगाचे दोन हात दिले. छत दुधासारखे पांढरे झाले, मी रिकामी झाले आणि मागच्या गॅलरीत पडून राहिले.

गिऱ्हाईक ऐन उन्हाळ्यात आले. बत्तीस वर्षे बस चालवून निवृत्त झालेले आबा, छापखान्यात यंत्रावर काम करणारा त्यांचा मुलगा, दवाखान्यात नर्स असलेली सून आणि सहा वर्षांची नात. ती एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आबांनी टायर ठोकून पाहावा तशी प्रत्येक भिंत ठोकून पाहिली. नळ सोडले, खिडक्या उघडून मिटल्या. मग मान वर करून छत न्याहाळले.

"छत चांगलं ठेवलंय," ते म्हणाले.

मला बोलता आले असते तर मी तेव्हाच बोलले असते.

"वरचा मजला म्हणजे वारा, उजेड आणि डोक्यावर कोणी नाही," दलाल म्हणाला.

"लिफ्टपण नाही," सून म्हणाली.

"जिना चढला की माणूस ठणठणीत राहतो, ताई."

आबांनी निवृत्तीच्या वेळी मिळालेली सगळी रक्कम घातली. मुलाने वीस वर्षांचे कर्ज काढले. पण सांगितलेली किंमत ही उंबरठ्यापर्यंतचीच असते, हे त्यांना एकेक करून कळत गेले. नोंदणीचा खर्च, दलाली, वकिलाची फी, विजेच्या मीटरवर नाव चढवण्यासाठी चार खेपा. सामान जिन्यात असतानाच इमारतीचे सेक्रेटरी आले. ते विम्याचे एजंट होते आणि पहिल्या मजल्यावर राहत. जुन्या मालकाने दोन वर्षे वर्गणी भरली नव्हती, ती आता नव्या मालकाने भरावी, असे त्यांनी अगदी गोड आवाजात सांगितले.

त्या दिवशी आबा एका खोक्यावर बसून म्हणाले, "बस बिघडली की डेपोत लावून घरी जाता यायचं. घर बिघडलं तर जायचं कुठं?"

सगळे हसले. तेही हसले. ती लहान खोली आबांनी स्वतःसाठी घेतली. मला त्यांनी गॅलरीतून उचलले, घासूनपुसून स्वच्छ केले आणि म्हणाले, "चांगली दणकट आहे. फुकटात मिळाली."

पावसाळा लागला आणि पंधरा दिवसांत माझा पांढरा रंग फुगून पोपड्यांनी सुटला. खालचे डाग पुन्हा वर आले. मग एक थेंब पडला, मग दुसरा. आबांनी खाट सरकवली आणि त्या जागी मला ठेवले. मित्रांनो, ज्या छताची ओल मी झाकली होती, त्याच छताचे पाणी झेलणे हे माझे काम झाले. ते मी तीन पावसाळे इमाने केले. भिंगरी माझ्याशेजारी बसून थेंब मोजायची. आबा मला दिवसातून चार वेळा मोरीत रिकामी करायचे. सुनेने एकदा नवी बादली आणू का विचारले, तर म्हणाले, "राहू दे. या घरात पैसे फिटलेली हीच एक वस्तू आहे."

माझे कौतुक झाले ते तेवढेच. पण मी किती झेलणार? ओल छतावरून भिंतीत उतरली. आबांच्या कपड्यांना कुबट वास येऊ लागला. त्यांना खोकला लागला, तो उन्हाळ्यातही हटेना.

"आबा, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा," सून म्हणायची. "मी दवाखान्यात रोज बघते हो, असल्या खोकल्याचं पुढे काय होतं ते."

"मी विकत घेतलेल्या खोलीत झोपतो," आबा म्हणायचे. त्यांचा हट्ट मला कधी आवडायचा, कधी भीती वाटायची.

गच्ची आठही घरांची होती, तेव्हा दुरुस्ती आठांनी मिळून करायची, असे आबांचे म्हणणे. त्यांनी सेक्रेटरींना सांगून इमारतीची सभा आपल्याच खोलीत बोलावली, म्हणजे लोकांना डोळ्यांनी दिसेल. चार जण आले. माझ्याभोवती खुर्च्या मांडून बसले. बोलणे चालू असताना माझ्यात टपटप चालूच होती.

तळमजल्यावर घड्याळे दुरुस्त करणारा एक कारागीर राहत होता. तो म्हणाला, "पाणी वरून खाली येतं, मान्य. पण माझ्यापर्यंत यायला त्याला अजून तीन मजले उतरायचेत."

"पाया तुमच्या घराखाली आहे," आबा म्हणाले. "तो खचला तर मी म्हणू का, माझं घर वर आहे?"

"खचला की बोलू."

दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माझा वाटा उद्या सकाळी घेऊन जा. फक्त पावती द्या."

सेक्रेटरींनी वहीत ठराव लिहिला. सगळ्यांचे वाटे जमले की दुसऱ्या दिवशी काम सुरू. एकाचा जरी राहिला तरी नाही. नियम म्हणजे नियम. आबांच्या समोरचे घर कुलूपबंद असे. त्याचा मालक परगावी राहत होता आणि फोन उचलत नव्हता. त्यामुळे इतरांनाही आयते निमित्त मिळाले. आधी त्याचे घ्या, मग आमचे मागा.

आबा वही घेऊन दारोदार हिंडले. एक जण म्हणाला, मुलीची फी भरायची आहे. दुसरा म्हणाला, पावसाळा संपू द्या. पावसाळा संपला की तो म्हणे, आता कुठे गळतंय? आबा जिने चढून वर यायचे आणि खाटेवर बसून बराच वेळ दम खायचे.

तिसऱ्या पावसाळ्यात मुलाचा धीर सुटला. "मी अजून थोडं कर्ज काढतो, आबा. सगळी गच्ची आपणच करून टाकू."

"आठ घरांचं छत एकट्यानं करायचं? पुढच्या वेळी पायापण आपल्याच गळ्यात येईल."

"तुम्हाला न्याय हवाय. मला कोरडी खोली हवीय."

आबांना ते लागले. बापलेक त्यानंतर दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मुलाच्या पगाराचा निम्मा भाग हप्त्यात जात होता, आणि त्याला आणखी कर्ज कोणी देणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तरी भांडण झालेच.

मग पावसाळ्याच्या अखेरची ती दुपार आली. भिंगरी आबांच्या खाटेवर गणिते सोडवत होती. पेन्सिलीचे टोक मोडले म्हणून ती टोकयंत्र आणायला बाहेरच्या खोलीत गेली. तेवढ्यात छताचा परातीएवढा तुकडा सुटला आणि तिच्या वहीवर पडला. खोलीभर धूळ उडाली. माझ्यातही खडे पडले. आबा दारात उभे होते. त्यांनी वही उचलली, झटकली आणि नातीच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेली, भिंगरी शाळेत गेली. पाऊस थांबला होता. आबांनी बाजारातून सिमेंट आणि गळती थांबवायचे औषध आणले आणि माझ्यात कालवले. माझ्या कडीला दोर बांधला. गच्चीवर जायला जिना नव्हता, दाराबाहेर भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी होती आणि वर झडप. आबा आधी चढायचे, मग मला दोराने वर ओढून घ्यायचे. सत्तरीचा माणूस गुडघ्यांवर बसून भेगा बुजवत होता. तीन पावसाळ्यांत त्या गच्चीवर चढलेला तो पहिला माणूस.

दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या वेळी मला भरून घ्यायला ते उतरत होते, मी त्यांच्या कोपराला लटकत होते. त्यांच्या चपलेला गच्चीवरचे शेवाळ लागले होते. शिडीची एक पायरी गंजून ढिली झाली होती. पाय घसरला आणि आम्ही दोघे खाली आलो. माझी कड तडकली. त्यांचा खुबा मोडला.

आवाज ऐकून सगळ्यात आधी कोण धावत आला, सांगू? तळमजल्यावरचा घड्याळवाला. तीन मजले एका दमात चढून आला. त्याने आबांचे डोके मांडीवर घेतले, रुग्णवाहिका बोलावली आणि दवाखान्यापर्यंत त्यांचा हात सोडला नाही. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला जास्त वाईट वाटते.

पुढच्या आठ दिवसांत सगळे वाटे जमले. घड्याळवाल्याने आधी दिला. मुलीची फी भरणाऱ्याने दिला. समोरच्या कुलूपबंद घराच्या मालकाने फोन उचलला आणि पैसे पाठवले. बारा दिवसांत गच्ची पक्की झाली. फलकावर सूचना लागली, ती भिंगरीने घरी येऊन वाचून दाखवली. 'सर्व सभासदांच्या सहकार्याने गच्चीचे काम पूर्ण झाले.' सून भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

शस्त्रक्रियेनंतर आबांना खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले वर आणले. त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत. काठी धरून खाटेपासून मोरीपर्यंत जातात, तेवढेच. मुलाने घर विकून तळमजल्यावर कुठे मिळते का पाहिले. त्याच दलालाने सांगितले, "लिफ्ट नाही, वरचा मजला, भाव पडणार." बँकेचे देणे फिटेल एवढाही भाव आला नाही. कर्जाची सतरा वर्षे अजून बाकी आहेत. ज्या माणसाने बत्तीस वर्षे रोज शहर पालथे घातले, तो आता खिडकीतून समोरची पाण्याची टाकी पाहतो. खोली मात्र कोरडी आहे. मी पाणी धरू शकत नाही, म्हणून खाटेशेजारी उभी असते, आणि माझ्यात त्यांची काठी ठेवलेली असते.

गच्ची झाल्यावर महिन्याभराने सेक्रेटरी एक कागद घेऊन आले. काम समाधानकारक झाले, अशी वरच्या मजल्याची सही लागत होती. त्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे पैसे देता येत नव्हते.

"मी काम बघितलेलं नाही," आबा म्हणाले.

"गळत तर नाही ना आता?"

"त्यानंतर पाऊस कुठं पडलाय? बघितल्याशिवाय सही कशी करू? तुम्ही वर जाऊन बघून या. मी थांबतो. मला कुठं जायचंय?"

सेक्रेटरी थोडा वेळ घुटमळले. मग बाहेर गेले. शिडीचा करकर आवाज आला, मध्येच थांबला, पुन्हा आला. बऱ्याच वेळाने ते परत आले. सदरा घामाने चिकटला होता, तळहात गंजाने तांबडे झाले होते. ते खुर्चीवर बसले आणि भिंगरीने दिलेले पाणी एका दमात प्यायले.

"काम बरं झालंय," ते म्हणाले. मग खाली पाहत म्हणाले, "शिडी फार वाईट आहे हो, आबा."

"हो," आबा म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मित्रांनो, तुमच्या घरात पाणी गळत नसेल, तर चांगलेच आहे. तरी तुमच्या इमारतीतल्या कोणाच्या खोलीत माझ्यासारखी एखादी बादली ठेवलेली असेल, तर एकदा जाऊन बघा. शिडी चढायचीच असेल, तर कोणी पडायच्या आधी चढा.