शेवंतीची रात्र मोडणारा दिवा

मी एक जुना, वेटोळ्या नळीचा दिवा आहे. मित्रांनो, आता फार थकलो आहे, म्हणून सावकाश सांगतो.

एका कारखान्यात काचेच्या नळीला पीळ देऊन मला घडवलं. तिथून मी हातकणंगल्याजवळ विजयमाला चौगुले यांच्या प्लॅस्टिकच्या छपराच्या पॉलिहाउसमध्ये आलो. खाली शेवंतीचे वाफे आणि वर तारेला टांगलेले आम्ही चाळीस दिवे.

रात्री मोठ्या झाल्या की शेवंती घाईनं कळी धरते आणि दांडा आखूड राहतो. फुलदाणीत ठेवायच्या फुलाला मात्र लांब दांडा लागतो. म्हणून झाडं उंच होईपर्यंत आम्ही रोज रात्री दहा ते दोन जळायचं. मग झाडाला रात्र लहान वाटते आणि ते वाढत राहतं. आम्हाला लावायचं आणि विझवायचं काम म्हाताऱ्या केरबाकडे होतं. पहिल्या वर्षी फुलं छातीला लागली, तेव्हा विजयमालाताईंनी वर बघून आम्हाला चक्क हात जोडले होते.

पुढे कौतुक सरलं. माझी ओळ दाराकडची. रस्त्याची धूळ आत येऊन अंगावर बसायची. वयानं उजेडही उतरला होता.

"वैनी, दाराकडचं दिवं मिणमिणाय लागल्यात," केरबा म्हणाला. "मला काय आता शिडीवर चढाय हुईत न्हाय. कुणाला तरी बोलवा की."

"बघू की मामा, पुढच्या आठवड्यात."

तो आठवडा काही आला नाही. मी जीव ओतून जळत होतो, पण उजेड खाली पोचत नव्हता. एका सकाळी ताई दारातून आत आल्या आणि जागीच थांबल्या. दारालगतच्या गुडघ्याएवढ्या झाडांना कळ्या लागल्या होत्या.

"मामा, खरं सांगा. झोपलासा न्हवं? दिवं लावलंच न्हाईसा!"

"एक रात चुकलो न्हाय, वैनी."

"मग ह्या कळ्या कशानं आल्या?"

घोंगडं खांद्यावर टाकून केरबा निघून गेला. त्याचा काही दोष नव्हता. मला सगळं ठाऊक होतं, पण दिव्याला कुठली वाचा?

त्या रात्री दिवे लावायला ताईंनाच यावं लागलं. त्यांनी बटण दाबलं. आतले वाफे उजळले आणि दाराकडे अंधारच राहिला. ताई माझ्या खाली येऊन उभ्या राहिल्या आणि मान वर करून त्यांनी माझ्या अंगावरची धूळ बघितली. त्यांना स्वतःच्या हातावरच्या बांगड्याही नीट दिसेनात. तशाच त्या मातीत खाली बसल्या.

उजाडताच त्या केरबाच्या घरी गेल्या. "चूक माझी हाय, मामा. तुमी सांगितलासा, मीच ऐकलं न्हाय." केरबा परत आला. काम तेच, पण पूर्वी झाडांशी बडबडणारा तो माणूस आता गप्प असतो. काही सांगायचं झालं, तरी आधी ताईंच्या तोंडाकडे बघतो.

आता तारेवर नवे एलईडी दिवे आहेत. मी शेडमधल्या खोक्यात पडून आहे. माझ्या पोटात पारा आहे, तेव्हा मला फोडू नका किंवा बांधावर भिरकावू नका. जुने दिवे गोळा करणाऱ्यांकडे द्या. आणि तुमच्या घरात जळणारे दिवे अधूनमधून विझवून फडक्यानं पुसा. काच पुसली की लख्ख होते, मित्रांनो. दुखावलेल्या माणसाचं तसं होत नाही. म्हणून कुणावर आळ घेण्याआधी एकदा मान वर करून बघा.