नदीकाठी बसलेली कस्तुरी

आश्विन लागला, आभाळ निवळलं आणि हुपरीच्या गल्ल्यांवर ऊन उतरलं. शुभ्रस्निग्ध, सुवर्णकोमल, शारदीय ऊन. त्यातून चांदीच्या गावातलं, मग त्याची ऐट काय विचारता! उंबऱ्यावर रजतरेणू, पायरीवर रजतरेणू, बायकांच्या पदरांवर रजतरेणू. इथं केरसुद्धा कुणी उगाच फेकत नाही, जपून ठेवतात. दारादारांतून हातोडीची किणकिण, फुंकणीची फुसफुस, नव्या पैंजणांची पहिली रुणझुण. सगळी गल्ली वाजत होती. एकट्या शालनच्या घरात आवाज नव्हता.

शालन पैंजणाच्या कड्या जोडायची. नाजूक नीलज्योत, सांधा धरायला टाकणखाराचा थेंब, फुंकणीतून एकसंध, अखंड, अचूक श्वास. आणि कडी मिटायची. या कामाला तीन हात लागतात. दोन शालनचे आणि तिसरा तिच्या लेकीचा, कस्तुरीचा. कस्तू चिमट्यात कडी धरायची, आई फुंकायची. ‘हलू नको गं भवाने!’ म्हणून आई डाफरायची आणि कस्तू हात न हलवता हसायची. हात न हलवता हसणं सोपं नसतं, करून बघा.

ती हसरी, अवखळ, चंद्रमुखी कस्तू चार वर्षांपूर्वी गेली. रक्ताचा आजार झाला होता तिला. मिरजेच्या दवाखान्यातली पांढरी खाट, पांढरी चादर, पांढरा होत गेलेला चेहरा. आणि त्या पांढऱ्यात रंगाचा एकच ठिपका, मामानं आणलेलं शेवाळी रंगाचं खेळाचं यंत्र. हाताच्या ओंजळीत मावेल एवढं. त्यात एक नदी होती, नदीवर पूल होता, निळ्या कौलांचं घर होतं, आणि कस्तूनं एकेक रोप लावून वाढवलेली बाग होती. त्या गावात दोन वेण्यांची एक चिमुकली मुलगी हिंडायची. तिचं नावही कस्तुरीच.

खाटेवरच्या कस्तुरीला उठून बसवत नव्हतं, तेव्हा खेळातली कस्तुरी डोंगर चढत होती. खाटेवरच्या कस्तुरीचे केस गळले, तेव्हा खेळातलीच्या वेण्या वाऱ्यावर उडत होत्या. एके संध्याकाळी लेकीनं त्या मुलीला नदीकाठच्या गवतावर बसवलं आणि म्हणाली, “आई, बसू दे हिला जरा इथं. लई दमलीय.” मग यंत्र मिटलं. पहाटे कस्तू गेली.

घरी फोटो आला, फोटोला हार आला. पण शालनचा जीव काही त्या फोटोत रमला नाही. फोटोतली पोर पापणी हलवत नव्हती. यंत्रातली मात्र जिवंत बसलेली होती. सांजवात झाली की शालन यंत्र उघडायची. पाणी वाहतंय, गवत डुलतंय, वेण्या उडतायत, लेक बसलीय. बघायची, डोळे भरून बघायची, आणि अलगद मिटायची. बटणाला तिनं कधी बोट लावलं नाही. चुकून दाबलं गेलं आणि पोर उठून कुठं निघून गेली तर, ही एकच धास्ती होती.

आणि बघा, नशिबाची तऱ्हा कशी असते! जपणाऱ्या हातानंच घात केला.

खंडेनवमीला चांदीकाम करणाऱ्यांच्या घरी अवजारांची पूजा होते. ऐरण, हातोडी, चिमटे, फुंकणी, तराजू, सगळी न्हाऊन-माखून पाटावर बसतात. शालन त्यांच्या शेजारी कस्तूचं यंत्र मांडायची. ‘ज्याच्यावर पोट चालतं त्याला हळदकुंकू, मग ज्याच्यावर जीव चालतो त्याला का नको?’ असं ती शेजारणींना म्हणायची. दरवर्षी कोरड्या कुंकवाची चिमूट वाहायची. यंदा लेकीला सोळावं लागलं असतं. सोळावं! शालनचा ऊर भरून आला. तिनं फूल पाण्यात बुडवून यंत्रावर शिंपडलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा शिंपडलं. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पाठीवर रेखलं, नेमकं आवाजाच्या बारीक भोकांवर. वर ओल्या झेंडूंची माळ घातली आणि ती रात्रभर तशीच राहू दिली.

दसऱ्याच्या सांजेला यंत्र उघडलं. गावात सोनं वाटत होते. नदी क्षणभर दिसली, थरथरली, रंगीत रेघांत विरली. मग अंधार झाला. शालननं पुसलं, फुंकलं, छातीशी धरलं, दिव्याच्या उबेला धरलं. नाही उजळलं, नाही हललं, नाही बोललं.

“दुसऱ्यांदा मेली गं माझी पोर,” ती देवघरासमोर बसून म्हणाली. “आणि या खेपेला मीच मारली.” त्या रात्री तिच्या घरात चूल पेटली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कोल्हापुरात दुकानं हिंडली. कुणी म्हणालं, भंगारात घाला. कुणी म्हणालं, नवीन घ्या, याच्याहून झ्याक मिळतंय. ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याकडं तिनं अशा नजरेनं बघितलं की त्यानं मान खाली घातली. शेवटी एका अरुंद, सावळ्या, उदाच्या वासाच्या बोळात नियाज अत्तारचं दुकान सापडलं. तिशीचा पोरगा, डोळ्यावर भिंग, बोलायला मऊ. त्यानं यंत्र उघडलं. आत हळदीचा पिवळा थर होता, कुंकवाचा रक्तिम लेप होता, तांब्याच्या रेघांवर हिरवट गंज फुलला होता.

“पूजा केलीती का, मावशी?” त्यानं हळूच विचारलं.

शालननं नुसती मान हलवली. लाजेनं तिच्या कानशिलांत आग झाली होती.

“आवो, त्यात काय एवढं? दसरा झाला की माझ्याकडं कुंकवात न्हालेले मोबाईल रांगेनं येतात.” तो हसला नाही. शालनला तेवढ्यावरच रडू आलं.

मग त्यानं भिंगाखाली बोट दाखवलं. एक काळी, चौकोनी, नखाएवढी चिप. “यंत्र काय आता जगत न्हाई, मावशी. खोटं कशाला बोलू? पण पोरीचं गाव या चिपेत असतंय. नदी, बाग, घर, समदं हितं. हिच्या भोवतीच्या चार ठिपक्यांना चार तारा जोडायच्या आणि आतलं समदं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. पण गंजानं ठिपके पोखरलेत. सोल्डरची तापली सळई जरा जास्त टेकली आणि एक ठिपका उखडला, तर कायमचं गेलं. माझ्याकडनं न्हाई, कुणाकडनंच परत जमायचं न्हाई.”

“आणि हातच नाही लावला तर?”

“गंज थांबतोय व्हय? खात जाणार.”

शालननं भिंगाखाली वाकून ती चिप पाहिली. बाहेर ऊन भिंतीवरून सरकत होतं. हो म्हटलं तर आत्ताच सगळं संपेल कदाचित, आणि नाही म्हटलं तर गुपचूप, कणाकणानं, अंधारात संपेल. दवाखान्यातही उपचाराच्या संमतीचा असाच एक कागद तिच्यापुढं आला होता आणि तिला सही करवत नव्हती. इथं कागद नव्हता. तिनं पदरानं तोंड पुसलं.

“कर बाबा,” ती म्हणाली.

नियाजनं पंखा बंद केला. ब्रशानं हळद झाडली, गंज खरवडला, तांबं पुन्हा लालसर उजळलं. केसाहून बारीक तार, मोहरीहून बारीक कथिलाचा मणी, तापलेलं टोक, धुराची एक निळसर, नागमोडी, क्षणजीवी रेघ. पहिली तार बसली. दुसरी बसली. तिसरी बसली. चौथा ठिपका अर्धाच उरला होता. तार तिथं टेकवावी तर निसटायची, पुन्हा टेकवावी तर पुन्हा निसटायची. एका हातात सोल्डरची सळई, दुसऱ्यात कथील, आणि तार धरायला हातच नाही. नियाजच्या कपाळावर घाम आला.

“धरायला कोण तरी पायजे होतं,” तो पुटपुटला.

शालनच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. “चिमटा दे.”

“मावशी, बोट जरा जरी हललं तर—”

“दे म्हणते ना!”

उभा जन्म चिमटा हातात घेतलेली बाई ती. पण आजवर ती फुंकणाऱ्याच्या जागी बसत आली होती. धरणाऱ्याच्या जागी आज पहिल्यांदा बसली. ही जागा कस्तूची. इथून असं दिसायचं तर लेकीला! ज्योत एवढी जवळ, चटका एवढा जवळ, आणि आपण मात्र हलायचं नाही. किती भरवशानं बसायची पोर इथं, आणि आपण तिलाच डाफरत होतो. शालनचे डोळे भरले, ओसंडले, गालांवरून, हनुवटीवरून ओघळले. चिमटा तसूभर हलला नाही.

“हलू नका हां, मावशी.”

ती हलली नाही. टोक टेकलं, कथील चमकलं, धूर उठला, टोक उचललं. ठिपका जागेवर होता. चौथी तार बसली.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. चहा आला आणि निवला. पट्टी मध्येच अडली तेव्हा शालननं देवाचं नाव घेतलं, नियाजनं त्याच्या देवाचं. पट्टी हलली, चालली, भरली. नियाजनं लगेच आणखी एक प्रत काढून वेगळी ठेवली आणि मगच तोंड उघडलं. “आलं, मावशी. समदं आलं.”

मोठ्या पडद्यावर नदी उगवली. तेच नीलहरित, मृदुमंद, अविरत पाणी. तेच डुलतं गवत. तोच पूल, तीच बाग. आणि काठावर दोन वेण्यांची, पाठमोरी, एकाकी कस्तुरी. शालननं पडद्याला हात लावला. काच कोमट होती.

नियाजनं खेळ चालवायची बटणं तिच्यापुढं सरकवली. “आता भ्यायचं न्हाई. हवं तिकडं न्या हिला. पाण्यात पडली, वाट चुकली, काय बी झालं तरी मी हितंच परत आणून बसवतो. दुसरी प्रत हाय माझ्याकडं.”

चार वर्षांत पहिल्यांदा शालनचा अंगठा बटणावर टेकला.

मुलगी उठली. गवत झटकलं. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि ती चालू लागली. शालनच्या तोंडून हुंदका फुटला. लेक पहिल्यांदा चालली होती तेव्हाही असाच फुटला होता. मुलगी पुलावर आली. पुलापल्याड तीन वाटा फुटल्या होत्या. एक रानात, एक बाजाराला, एक डोंगरावर. शालनचा अंगठा थबकला.

कुठं जायचं होतं हिला? त्या संध्याकाळी, दम खाऊन झाल्यावर, कुठं निघायचं होतं? नदी उतरली, बाग उतरली, वेणीची रिबीनसुद्धा उतरली. पण पुढचं पाऊल त्या चिपेत नव्हतंच. ते कस्तूच्या डोक्यात होतं, आणि कस्तू ते घेऊन गेली होती. मुलगी पुलावर उभी राहिली. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली. मग तोंड वळवून पडद्याबाहेर, सरळ शालनकडं, बघत राहिली.

“मला न्हाई गं ठाऊक, बाळा,” शालन म्हणाली. “मी कधी विचारलंच न्हाई तुला.” नियाजनं तोंड फिरवलं आणि उगाच तारा आवरू लागला.

खेळातलं ऊन कलंडलं. नदी केशरी झाली, मग जांभळी झाली. रातकिडे बोलू लागले. सांज झाली की आईला एकच वाट ठाऊक असते. शालननं मुलीला मागं वळवलं. बागेतून, फुललेल्या रोपांच्या रांगेतून, निळ्या कौलांखाली, दारातून आत. मुलगी अंथरुणावर आडवी झाली. पडद्यावर एक प्रश्न उमटला. नियाजनं तो वाचून दाखवला. “आजचा दिवस जपून ठेवायचा का, असं विचारतंय. हो म्हटलं तर हिथून पुढं ती घरातच दिसणार. काठावरची ती माझ्याकडं ऱ्हाईल. न्हाई म्हटलं तर जाऊन परत काठावर बसंल. तुम्ही सांगाल तसं.”

शालननं पडद्यावरच्या त्या झोपलेल्या पोरीवरून हात फिरवला.

“पोरीला किती दिवस उघड्यावर बसवून ठेवू रे?” ती म्हणाली, आणि तिनंच ‘हो’ दाबलं.

खिडकीतला दिवा मालवला. निळ्या कौलांवर चांदणं सांडलं, बागेवर सांडलं, पुलावर सांडलं. खाली नदी वाहत होती. संथ, श्यामल, निःशब्द वाहत होती. आणि काठावर गवत डुलत होतं, नुसतं गवत, एकटं.