बिभीषणच्या हातातला बँजो

मी एक जुना बँजो आहे, मित्रांनो, आणि माझं लाकूड तडकलेलं आहे. मी पडलो नाही, मला वाळवीनंही खाल्लं नाही. मला एका माणसाच्या जबड्यावर हाणलं, तेव्हा मी तडकलो.

नगरातल्या एका कारागिरानं मला सागाच्या फळीतून घडवलं. वर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. बिभीषणनं मला घेतलं तेव्हा त्याच्या हातांवर ऊसतोडीच्या जखमा ताज्या होत्या. पाथर्डीकडचा गडी, कोयता टाकून वाजवायला आलेला. बटणं कसली दाबतो, ठोसेच मारायचा! माझ्या तारा तुटायच्या, त्याची बोटं फाटायची, आणि लेकाचा हसायचा.

सोनई गावातल्या लग्नाच्या बँडमध्ये त्याला ट्रम्पेटवाला सुनील भेटला. तिथं बिभीषणनं मालकाची गचांडी धरली, बँड सुटला. मग ऑर्केस्ट्रा, तिथं गायकाच्या अंगावर माइक फेकला. मग भजनी मंडळ. तिथून तर आम्हाला धक्के मारून काढलं. दर वेळी बिभीषण नवं काहीतरी वाजवायला शिकायचा, आणि दर वेळी सुनील सगळं सोडून त्याच्या मागोमाग यायचा. वेडाच तो!

शेवटी दोघांनी ड्रमवाल्या पंकजाला घेऊन 'कोयता' नावाचा बँड काढला. पंकजा मोबाईलवर पंक नावाचं परदेशातलं बंडखोर संगीत ऐकायची, आम्हीही तसंच वाजवू लागलो. मोजके सूर, खच्चून ओरडणं, आणि मुकादमापासून पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना शिव्या. कोल्हारात लोकांनी चपला फेकल्या. पोरं मात्र एकमेकांना ढुशा देत नाचायची. तिथल्याच रंगुबाईचा पोरगा राम सगळ्यांत पुढं असायचा. खरं सांगतो, तेव्हा मी फार सुखात होतो.

मग राम अपघातात गेला. त्याचा दहावाही झाला नव्हता, आणि आम्हाला त्याच्याच घराच्या गल्लीतून एका नवरदेवाची मिरवणूक न्यायची होती. आमच्याकडं रीत आहे, दुःखाच्या घरापुढं वाजवणं बंद. रंगुबाईचं दार आलं तसा बिभीषणनं हात वर केला. पंकजा थांबली. सुनील थांबला नाही. दाराकडं तोंड करून 'कोयता'चंच गाणं जोरात फुंकू लागला.

"सुन्या, बंद कर! लाज हाय का न्हाई?"

तो ऐकेना. बिभीषणनं मला गळ्यातून काढलं, दोन्ही हातांनी उचललं आणि हाणलं. कडाड्! ट्रम्पेट सुनीलच्या ओठांत घुसलं. दात रस्त्यावर पडले. रक्तानं माझी बटणं चिकट झाली. बिभीषणनं मला पुन्हा उचललं, तेवढ्यात रंगुबाई धावत दारात आली.

"आरं मुडद्या, मीच सांगितलं त्याला! आत्ताच, तुमी गल्लीत शिरताना. माझ्या रामाला तुमचं लई आवडायचं. दारावरनं मुकं जाऊ नगा म्हनलं!"

बिभीषणनं मला खाली घेतलं. "मला ठावं न्हवतं गं," तो म्हणाला.

"इचारलं हुतंस का?" पंकजा किंचाळली.

सुनील फाटलेला ओठ हातानं दाबून रस्त्यावरच बसला.

ओठ शिवला, पण फुंक धरत नाही. त्याचं ट्रम्पेट कायमचं सुटलं. बिभीषणनं पुन्हा नवा बँड काढलाय. या वेळी मागोमाग कुणी आलं नाही.

मित्रांनो, वाद्याची धूळ पुसा, तारा बदला, असं मी सांगायला हवं. पण लाकूड काय, सरसानं चिकटवता येतं. तुम्ही फक्त हात उचलायच्या आधी 'का रे?' एवढं विचारा. बिभीषणनं तेवढं विचारलं असतं, तर सुनील आज फुंकत असता.